साहेबना नामे

"मॅडम, लास्ट यर कोई क्लेम लिया था?" फोनवरच्या मुलीनं विचारलं आणि मी "नाही" म्हणाले. हिंदीतल्या प्रश्नाला मराठीत उत्तर गेलं, इतकं ते विचार न करता आलं. तिच्या मागे तिच्यासारख्याच पुष्कळ मुलींचे आवाज येत होते, एखाद्या मोठ्या वर्गात वेगवेगळ्या बाकांवर वेगवेगळे पाढे चालावेत तसे. मग ती म्हणाली की सिस्टिममध्ये तर एक क्लेम दिसतोय, सप्टेंबरातला, मी जरा आठवून पाहावं. तिनं आपलं नाव कोमल सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, आठवून पाहायचं काही कारण नाही, आमच्या गाडीनं आजवर कुठल्या कंपनीकडून एक पैसा घेतलेला नाही. "ठीक है मॅडम, अभी मैं 'नो' रखती हूँ. आप सोच लीजिए, शाम को कॉल करूँगी," ती म्हणाली, आणि जाता जाता आवाज थोडा उतरवून असंही म्हणाली की 'नो' राहिलं तर बरंच स्वस्त पडेल. फोन बंद झाला. मी दुधाखालचा गॅस बंद केला. मग तो बंद केला आहे ना, हे वाकून पुन्हा पाहिलं. बंद होता. पुन्हा पाहिलं याचाच मला राग आला.

हे सगळं सुरू झालं ते एका निरोपानं. 'प्रिय भास्करराव, आपल्या गाडीच्या विम्याची मुदत संपत आहे.' भास्करराव, माझे यजमान, दिवाळीनंतर गेले आणि हा निरोप आला फाल्गुनात, त्यांच्याच फोनवर, जो मी रोज चार्जिंगला लावते. त्यांना प्रिय म्हणणारं आता एवढंच उरलं, असं मनात आलं, आणि मग खालचा आकडा पाहिला. गेल्या वर्षीच्या दीडपटीच्याही वर. गाडी एका वर्षानं जुनी झाली, तिची किंमत उतरली, आणि तिला सांभाळायची किंमत मात्र चढली. माणसांचंही असंच असतं म्हणा, पण माणसांना कोणी दरवर्षी लेखी कळवत नाही. मी आमच्या एजंटला, गजेंद्रभाईंना, फोन केला. त्यांनी काय सांगावं? "बेन, बधुं वधी गयुं छे." सगळंच वाढलंय. तेलाचा डबा वाढला, दूध वाढलं, तसा विमा वाढला. इतकं गुळगुळीत उत्तर मला कधीच पटत नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाले, नंतर येऊन समजावतो, आणि आले नाहीत. जो माणूस वर्षानुवर्षं न बोलावता यायचा, तो बोलावून आला नाही. तिथेच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. हेरंबला, म्हणजे माझ्या मुलाला, सांगितलं तर तो पुण्याहून म्हणाला, आई, एजंट लोकांचं असंच असतं, बाबांनी कधी दुसरीकडे भाव काढलाच नाही. त्यानं तिथूनच कुठल्याशा संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि माझा नंबर टाकला, आणि त्या घटकेपासून फोन सुरू झाले. सकाळी पूजेच्या वेळी, दुपारी डोळा लागता लागता. प्रत्येक आवाजाला माझं नाव ठाऊक, गाडी कोणती ते ठाऊक, कोणत्या वर्षीची ते ठाऊक. जो तो गजेंद्रभाईंपेक्षा कमी आकडा सांगायचा. मला आधी मौज वाटली, मग भीती. इतक्या लोकांना जे निम्म्यात परवडतं ते गजेंद्रभाईंना का परवडू नये? आणि आजवर का परवडलं नाही?

गजेंद्रभाई पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आम्ही बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरीच्या टाउनशिपमध्ये राहत होतो आणि आमच्याकडे नुसती स्कूटर होती. हा हडकुळा मुलगा तेव्हा मोटरसायकल दूर बंद करून ढकलत आणायचा, साहेब दुपारचे झोपले असतील तर जागे होऊ नयेत म्हणून. मला वाटलं, केवढा हा विचारी मुलगा, आणि पाठोपाठ वाटलं, एवढा विचार हा कशासाठी करतोय? मी अशीच आहे. आमच्या घरात कोणी फार चांगलं वागलं की मी त्याची चप्पल कुठं ठेवलीय ते पाहून येते. गजेंद्रभाई चहा बशीत ओतून प्यायचे, माझ्या चिवड्याचं कौतुक करायचे, आणि भास्करराव त्यांनी शिसपेन्सिलीनं फुली केलेल्या जागी सह्या करत जायचे, वाचल्याशिवाय. मी आतून म्हणायची, वाचा तरी. भास्करराव म्हणायचे, वाचलेलं त्यालाच समजतं, मला कुठं समजणार आहे. गोड बोलणारा माणूस आहे, मी म्हणायची. गुजरातीत मिठाला आणि गोडाला शब्द एकच, मीठुं. इतकी वर्षं बडोद्यात काढूनही मला ती एक गोष्ट कधी पचली नाही. समोरच्यानं मीठुं म्हटलं की मी आधी वाटीत काय आहे ते पाहते.

आणि भास्कररावांना विम्याचा केवढा अभिमान! विम्याचा नव्हे, तो न वापरल्याचा. रिफायनरीत ते सुरक्षा विभागात होते. गेटापाशी एक मोठा फळा असे, अपघाताविना इतके दिवस, आणि रोज सकाळी तो आकडा एकानं वाढवायचं काम त्यांच्या माणसांचं. एकदा आकडा कुठल्याशा गोल संख्येला येऊन ठेपला होता, वरचे साहेब येणार होते, पेढ्यांची ऑर्डर गेली होती, आणि आदल्या संध्याकाळी एका खलाशाचं, म्हणजे अवजड सामान हलवणाऱ्या कामगाराचं, बोट व्हॉल्व्हच्या चाकात चेमटलं. सगळे म्हणाले, पट्टी बांधून घरी पाठवू, उद्यानंतर पाहू. खलाशीसुद्धा तेच म्हणाला. भास्करराव स्वतः स्टुलावर चढले आणि त्यांनी फळ्यावर शून्य लावलं. त्या रात्री घरी आले ते न जेवता बसून राहिले. चांगलं केलंत, मी म्हटलं, तर म्हणाले, चांगलं कसलं, झालं ते लिहायला नको का? पुढे महिनाभर कॅंटीनमध्ये त्यांच्या टेबलाशी कोणी बसत नव्हतं. मग निवृत्त झालो, बडोद्यातच अकोट्याला हा फ्लॅट घेतला, फळा मागे राहिला. पण गाडीच्या विम्यावर जो 'नो क्लेम बोनस' मिळतो तो त्यांनी फळ्यासारखा धरला. वर्षभर काही मागितलं नाही म्हणून पुढच्या वर्षी सूट, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी सूट. दरवर्षी नवा कागद आला की मला हाक मारायचे, कौमुदी, हे बघ. मला गाडी त्यांनीच शिकवली. मागे बसणाऱ्याच्या हातातलं पाणी हिंदकळलं तर तो अपघातच समजायचा, असं त्यांचं शास्त्र.

म्हणून कोमल म्हणाली तो क्लेम आमचा असणं शक्य नव्हतं. मी हेरंबला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, बाहेर येऊन बोलला. मी सगळं सांगितलं, आणि पलीकडे तो जो गप्प झाला त्या गप्पपणातच मला पुढचं वाक्य ऐकू आलं. "आई, तू विसरली नसशील ना?" तो म्हणाला. किती जपून म्हणाला. त्या आधी, गेल्या महिन्यात, गाडीची किल्ली दाराला तशीच राहिली होती आणि वॉचमननं आणून दिली, तेही त्याला ठाऊक होतं. मी सांगितलं नव्हतं. मग कोणी सांगितलं? वॉचमनकडे याचा नंबर आहे हे मला त्या दिवशी कळलं. हेरंब म्हणाला की सप्टेंबरात तू एकटी धावपळ करत होतीस, बाबांचं हॉस्पिटल, औषधं, अशात एखादी सही करून गेलं असेल, होतं असं, त्यात काय. "मी काय म्हणतो, गाडी काढूनच टाकू आपण. आणि तू इकडे ये. एकटीनं किती दिवस?" वाक्यं सुटी सुटी होती, पण त्यांना बांधणारा दोरा मला दिसत होता. क्लेम विसरली म्हणजे गॅस विसरेल, गॅस विसरेल म्हणजे गाडी नको, गाडी नको म्हणजे अकोटा नको. मी म्हटलं, मी विसरले नाही. तो म्हणाला, विसरलेल्याला विसरलोय हे कसं कळणार, आई? विनोदानं म्हणाला. हसलाही. मी फोन ठेवला. हे वाक्य खरं होतं म्हणून मला त्याची भीती वाटली. माझी थोरली बहीण स्नेहलता शेवटच्या दिवसांत अतिशय ठामपणानं बोलायची. डॉक्टरला म्हणायची, मला सगळं आठवतं, आणि मग त्याला आमच्या भावाच्या नावानं हाक मारायची.

तेव्हा मी खिडकीशी बसले आणि सप्टेंबर सगळा पुन्हा काढला. ट्रंकेतल्या साड्या उन्हाला घालताना घड्या मोडून पाहतात तसा. भास्कररावांना ताप चढला तो रविवार. हॉस्पिटलच्या तळघरातलं पार्किंग, तिथला ओला सिमेंटचा वास. एका रात्री मी त्यांच्यापाशी राहिले आणि सकाळी खाली आले तर गाडीची डावी बाजू दबलेली, दार आणि मागचं पत्र्याचं अंग, कोणीतरी मोठी गाडी मागे घेताना ठोकून निघून गेलेला. रखवालदारानं हात वर केले. मी दबलेल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि पहिला विचार आला तो हा, की ह्यांना कळता कामा नये. डॉक्टर म्हणाले होते, मनाला त्रास नको. मी गाडी तशीच पुलावरून दांडिया बाजाराकडे नेली, धनाजीरावांच्या गॅरेजात. धनाजीराव आपले मराठा, घरी चोख मराठी, पण गॅरेजात पाऊल ठेवलं की गुजराती होतात, पोरांना आणि गिऱ्हाइकांना एकच भाषा. आठ-दहा दिवस मी रिक्षानं हॉस्पिटलात जात होते आणि भास्कररावांना सांगत होते, गाडी खाली लावलीय. त्यांना घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी गाडी आणायला गेले, पर्स उघडली, तर धनाजीरावांनी दोन्ही हात मागे घेतले. "साहेबना नामे पती गयुं, बेन. तमारे कंई आपवानुं नथी." साहेबांच्या नावानं मिटलं, तुम्ही काही द्यायचं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गाडीतून परत येताना मी विचार करत होते, माणूस अंथरुणावर पडलेला असताना त्याच्या नावाला शहरात एवढी किंमत आहे. विश्वामित्री नदीवरून जाताना मी काच खाली केली होती, तेही आठवतं. पुढे ते गेल्यानंतरच्या महिन्यांत मला धीर देणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी होत्या त्यांत ही एक होती. संक्रांतीला, सुतक-सणवार काही असो, मी गुळाच्या पोळ्या करून धनाजीरावांकडे डबा नेऊन दिला होता. ते डबा हातात घेऊन नुसते उभे राहिले होते. संकोचले, असं मला वाटलं.

म्हणजे सप्टेंबर जागच्या जागी होता. एकही घडी गायब नव्हती. मग क्लेम आला कुठून? आणि मग हळूहळू, एकेक पायरी उतरावी तशी मला वाट दिसली. गजेंद्रभाई त्या दिवसांत हॉस्पिटलात खबर काढायला आले होते. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा त्यांच्या बगलेत कातडी पिशवी होती. ठोकलेली गाडी त्यांना तळघरात दिसली असणार, किंवा धनाजीरावांकडे. बडोद्यात एजंट आणि गॅरेजवाला एकमेकांना ओळखत नाहीत असं कुठं असतं? धनाजीरावांनी काम फुकट केलेलं. आणि गजेंद्रभाईंनी कंपनीला गाडी ठोकल्याचं कळवलं, पैसे काढले आणि ठेवून घेतले. आजारी माणूस, पेन्सिलीची फुली, न वाचता सही. म्हणूनच यावेळी समजावायला आले नाहीत. म्हणूनच बधुं वधी गयुं छे. मला इतकं बरं वाटलं! संशय खरा ठरला की मला नेहमीच जरा हलकं वाटतं, पण यावेळी त्यात आणखी एक होतं: चोर गजेंद्रभाई होते, म्हणजे चोर माझ्या डोक्यात नव्हता. मी साडी बदलली, किल्ली घेतली, दार ओढलं, कुलूप दोनदा नाही, एकदाच ओढून पाहिलं आणि अलकापुरीला निघाले.

त्यांचं ऑफिस मी कधी पाहिलं नव्हतं. तेच यायचे. एका मोठ्या इमारतीच्या मागच्या अंगाला वरच्या मजल्यावर जिन्यालगतची खोली, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, भिंतीवर अंबामातेची तसबीर. मला पाहून गजेंद्रभाई उठून उभे राहिले आणि उभेच राहिले. तेही म्हातारे झालेत, हे मला तिथं कळलं. माझ्या घरी ते नेहमी तो मोटरसायकल ढकलणारा मुलगाच दिसत असत. पाणी आलं. मी प्यायले नाही. मी म्हटलं, सप्टेंबरात आमच्या गाडीवर क्लेम कोणी घेतला? त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. त्यांनी पंखा लावला. मग म्हणाले, बेन, बसा, बसल्याशिवाय नाही सांगता येणार.

मी बसले. ते सांगू लागले, त्यांच्या त्या अर्ध्या मराठीत, क्लेम झाला होता, डावा दरवाजा आणि मागचा पत्रा, धनाजीरावांच्या गॅरेजात, रीतसर, कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून गेला. मी म्हटलं, धनाजीरावांनी तर पैसे घेतलेच नाहीत, मी स्वतः द्यायला गेले होते. "तमारी पासेथी शाना ले, बेन?" गजेंद्रभाई म्हणाले, तुमच्याकडून कशाला घेतील. "कंपनीने दिले ना त्याला. पॉलिसी साहेबच्या नावावर, तर साहेबच्या नावावर पास झाला." 

पंखा फिरत होता. तसबिरीवरचा हार हलत होता. साहेबना नामे पती गयुं. मी ते वाक्य मनात पुन्हा म्हटलं, धनाजीरावांच्या आवाजात, त्यांचे मागे घेतलेले काळे हात डोळ्यांसमोर ठेवून. ते गॅरेजात मराठीत बोलले असते तर नावानं म्हणाले असते किंवा नावावर म्हणाले असते, आणि मला तिथल्या तिथं कळलं असतं. गुजरातीत दोन्ही एकच. त्यांनी मला हिशेब सांगितला होता आणि मी त्यात आदर ऐकला. मग ते गुळाच्या पोळ्यांचा डबा घेऊन जे उभे राहिले होते, तो संकोच नव्हता. या बाईंनी हे का आणलं, असा विचार करत होते ते. कानशिलं गरम झाली माझी. ज्या एका माणसावर मी संशय घेतला नव्हता, तिथंच माझं ऐकणं चुकलं होतं.

पण मी लगेच सावरले. संशयाला एक सोय असते, तो एका घरातून निघाला की दुसऱ्या घराचं दार त्याला माहीत असतं. मी म्हटलं, सही कोणाची? गाडीवाल्याच्या सहीशिवाय क्लेम होत नाही, एवढं मला कळतं. माझी सही नाही. गजेंद्रभाईंनी चष्मा काढला, पुसला. "साहेबनी," ते म्हणाले. साहेबांना तर ठाऊकच नव्हतं, मी म्हटलं, माझा आवाज चढला असणार, कारण बाहेरच्या जिन्यावरून जाणारा माणूस थांबला. साहेबांपासून मी ते लपवलं होतं.

"ते माहीत होतं साहेबला," गजेंद्रभाई म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्यांदा खबर काढायला आले तेव्हा मी औषध आणायला खाली गेले होते. भास्कररावांनी त्यांना जवळ बोलावलं आणि विचारलं, आमच्या गाडीला काय झालंय? गजेंद्रभाईंना काहीच माहीत नव्हतं. भास्करराव म्हणाले, हिचे केस रोज विस्कटलेले असतात, ही रिक्षानं येते आणि मला सांगते गाडी खाली आहे. धनाजीकडे जाऊन पाहून या. गजेंद्रभाई गेले, पाहिलं, दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आले. तरी त्यांनी साहेबांना सुचवलं होतं, लहानसं काम आहे, क्लेम नका घेऊ, इतक्या वर्षांचा बोनस जाईल, शून्य होईल. भास्करराव म्हणाले, झालं ते लिहा. सही केली, पेन्सिलीच्या फुलीशिवायच. आणि मग म्हणाले... इथं गजेंद्रभाई थांबले, कारण त्यांना ते मराठीतच सांगायचं होतं आणि शब्द जुळवायचे होते. "साहेब बोलले, ती मला सांगत नाही, तर तुम्ही पण तिला सांगू नका."

म्हणून तुम्ही यावेळी आला नाहीत, मी म्हटलं. ते म्हणाले, काय करणार बेन, आलो असतो तर तुम्ही विचारलं असतं, तुमच्यापुढे खोटं बोलायची माझी हिंमत कधी झाली? आणि थोडं हसले. मग उठले, कपाटाला किल्ली लावली, म्हणाले, सहीची नकल आहे, दाखवतो. लोखंडी दार कुरकुरलं. "राहू द्या," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते गेलं आणि मीच दचकले. संध्याकाळी कळवते म्हणाले, आणि जिना उतरून आले.

गाडीत बसले, पण किल्ली फिरवली नाही. काचा बंद, आतली हवा तापलेली. का नाही पाहिली मी सही? विश्वास बसला म्हणून, की ती सही खोटी निघाली असती तर, म्हणून? इतकी सुंदर गोष्ट गजेंद्रभाई रचू शकतील, त्यांना आमचं घर पाठ आहे. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, आणि विधवेला ते गोड लागतं. मीठुं लागतं. विस्कटलेले केस कोणालाही दिसले असते. एकदा भास्करराव मला म्हणाले होते, जरा केस विंचर गं. पण ते तर कुठलाही नवरा म्हणेल. मी माझ्याच सप्टेंबरात पुन्हा उतरले, यावेळी चोर शोधायला नव्हे. त्यांना घरी सोडलं तो दिवस. वॉर्डबॉयनं चाकांची खुर्ची गाडीपाशी आणली. मी पुढून फिरून डावं दार उघडायला गेले, तर ते म्हणाले, थांब. खुर्चीतून उठले, एक हात वॉर्डबॉयच्या खांद्यावर, आणि दुसरा त्यांनी गाडीच्या दारावर ठेवला. आधारासाठी, असं मी इतके दिवस समजत होते. आता पाहिलं. आधाराचा हात एका जागी राहतो, त्यावर भार पडतो. तो हात हलत होता. पंजा सपाट, दाराच्या मुठीपासून मागच्या अंगापर्यंत गेला आणि तसाच परत आला, पत्रा नीट बसलाय का, रंगाला कुठं लाट तर राहिली नाही, असं चाचपत. धनाजीरावांनी लावलेला पांढरा रंग जुन्या पांढऱ्यापेक्षा एक छटा निळसर आहे, मला तो रोज दिसतो. त्यांना तेव्हा दिसला असणार. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गाडी स्वच्छ ठेवलीयस." मी म्हणाले होते, मग काय.

मी खिडकीतून डाव्या दाराकडे पाहत किती वेळ बसले होते, ते ठाऊक नाही. फोन वाजला. कोमल. मागचे पाढे चालूच होते. "मॅडम, सोचा आपने? 'नो' ही रखूँ?"

"नहीं बेटा," मी म्हणाले. "क्लेम था."

ती मग समजावू लागली की असं केलं तर बोनस पूर्ण जाईल, झीरो होईल, आणि तिनं सांगितलेला आकडा राहणार नाही. तिनं नवा आकडा काढून सांगितला. तो गजेंद्रभाईंच्या आकड्याहून थोडा जास्तच होता. मला हसू आलं. तिला वाटलं मी चिडले. "कन्फर्म करूँ, मॅडम? झीरो?" झीरो लिखो, मी म्हटलं, पण विमा मला नको, आमचे एजंट आहेत. फोन ठेवताना ती थँक यू म्हणाली, ते मात्र मनापासून वाटलं, का कोण जाणे. मग हेरंबला फोन करायचा होता. मी विसरले नव्हते, मला माहीत नव्हतं, हे त्याला सांगायचं. तो म्हणेल, एकूण एकच. तो म्हणेल, सहीची नकल तरी घ्यायचीस. मी त्याला दाराची गोष्ट सांगेन, हात कसा फिरला ते, आणि वॉर्डबॉयच्या शर्टाचा रंगही सांगेन, विचारलं तर. गाडी कुठं जाणार नाही आणि मीही. त्याच्याशी बोलायला घरी जाऊन बसायला हवं होतं. त्याआधी मी काच खाली करून गजेंद्रभाईंना फोन लावला. वर खोलीत वाजलेला त्यांचा फोन मला खाली गाडीत ऐकू आला.

तुमचाच आकडा राहू द्या, मी म्हटलं. आणि गाडी आता माझ्या नावावर करायची, त्याचे कागद काढा. ते गहिवरले की काय कोण जाणे, नाक ओढल्याचा आवाज आला. मला ते आवडलं नाही. मग धंद्याच्या आवाजात विचारलं, नाव कसं लिहू, कौमुदीबेन भास्करभाई दिघे? म्हटलं, बेन नाही आणि भाई नाही, तुम्ही लोक सगळ्यांना शेपटं लावता. लिहून घ्या. कौमुदी. मधे भास्कर. दिघे.

ते पुटपुटत लिहीत होते. मधल्या नावाशी पेन थांबलेलं मला कळलं.

"एटले गाडी साहेबना नामे ज रही ने, बेन," ते म्हणाले. म्हणजे गाडी साहेबांच्याच नावे राहिली की.

मी फोन ठेवला. डाव्या बाजूच्या आरशात नीट पाहिलं आणि गाडी काढली.